घरातली चार मतं

१२ जानेवारी १९९८, सोमवार

पुन्हा निवडणूक! मागची होऊन दोन वर्षंसुद्धा झाली नाहीत.

सासऱ्यांना, म्हणजे भाऊसाहेबांना, कालपासून विशीतला उत्साह आलाय. वय अठ्ठ्याहत्तर! चहाच्या आधीच गॅलरीत उभे राहून जाहीर केलं, "घरातली चार मतं. चारही एका ठिकाणी." चार म्हणजे ते स्वतः, दिलीप, मी आणि यंदा पहिल्यांदाच चेतना. एका ठिकाणी म्हणजे कुठे, हे नवऱ्याला, मुलीला, मलाच काय, समोरच्या बिल्डिंगलाही ठाऊक आहे. बावन्न सालापासून एकच पक्ष. त्याचं नाव बदललं, चिन्ह दोनदा बदललं, तो फुटला, जुळला, परत फुटला. भाऊसाहेब आहेत तिथेच आहेत.

मी मान हलवली. लग्नानंतर लोकसभेच्या सहा निवडणुका झाल्या, सहाही वेळा हलवली. त्याआधी विधानसभेची एक माहेरी, तिथे बाबांनी सांगितलं तिथे शिक्का मारला. सत्तेचाळीस वर्षांची झाले. मिनिस्ट्रीत खरेदीची टेंडरं उघडते, तुलनेचा तक्ता करते, कुणाचा माल घ्यावा ते मोठ्या साहेबांना लिहून देते. देश कुणाला द्यावा हे मात्र मला आजवर कुणी विचारलेलं नाही. मीसुद्धा नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. पानिपतहून सुधन्वा आला होता, दिलीपचा मित्र, ब्लँकेटचा कारखाना आहे त्याचा. तिळगूळ हातावर ठेवला तर म्हणतो, "वहिनी, तुम्ही गोड काय, काहीच बोलत नाही."

त्याला अजून राग आहे. गेल्या वर्षी त्याने आमच्याकडे टेंडर भरलं होतं. आदल्या दिवशी घरी येऊन नुसतं विचारलं — बाकीच्यांचा भाव काय असेल, अंदाज? मी म्हटलं, चहा घे. ब्लँकेटमागे चाळीस पैशांनी त्याचं टेंडर गेलं. दिलीप आठ दिवस माझ्याशी बोलला नाही.  भाऊसाहेबांनी फक्त चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं होतं, आणि मला वाटलं होतं, हेही रागावले.

१९ जानेवारी

आज ऑफिसात छताच्या पंख्यांचा तक्ता केला. दोनशे पंखे. तीन कंपन्या, चौदा रकाने — आवाज किती, तांबं किती, हमी किती वर्षं.

चार्टर्ड बसमध्ये यमुनेच्या पुलावर एकदम डोक्यात आलं. पंखा घ्यायचा तर चौदा रकाने, आणि पंतप्रधान घ्यायचा तर सासरे!

ठरलं. यंदा टेंडर. तीन मुख्य पक्ष आहेत, त्यांना नावं नकोत — सरकारी नोकरी आहे, वही कुणाच्या हाती लागली तर! अ, ब आणि क. 'क' म्हणजे भाऊसाहेबांचा.

२१ जानेवारी

जेवणाच्या सुट्टीत तिन्ही कचेऱ्या केल्या. डोक्यावरून शाल, डोळ्यांवर चेतनाचा काळा चष्मा. आरशात पाहिलं तर बँक लुटायला निघाल्यासारखी दिसत होते.

'अ'च्या कचेरीत जाहीरनामा मागितला. "किसके लिए?" म्हटलं, "पढ़ने के लिए." त्याने आतल्या माणसाला बोलावलं, त्याने त्याच्याही आतल्या माणसाला. वीस मिनिटांनी एक प्रत मिळाली, वर चहा. 'ब'कडे छापून यायचा होता, तोवर "झंडा ले जाइए" म्हणून एक झेंडा दिला. तो घडी करून पर्समध्ये कोंबला, काठी बसस्टॉपवर सोडली. 'क'वाल्यांनी मागच्या निवडणुकीचाच हातात ठेवला, कव्हरवरचं ९६ पेनने खोडून ९८ केलेलं. "वही है जी, बदलना क्या है."

भाऊसाहेबांचा पक्ष शोभतो खरा!

२५ जानेवारी, रविवार

तक्ता आखला. वीज पंचवीस मार्क, पाणी वीस, मुलींची सुरक्षा वीस, नोकऱ्या वीस, बस पंधरा. विजेला जास्त, कारण सरकारी क्वार्टर सोडून नोएडात स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो त्याला तीन वर्षं झाली आणि इन्व्हर्टरची सगळी बटणं मला आता अंधारातही सापडतात. गॅलरीतून पलीकडे दिल्ली झगमगताना दिसते. आपल्याकडे गाड्यांचे, फ्रीजचे, थंड पेयांचे हे मोठाले बोर्ड — आणि बोर्डावर लाइट नाही!

शेवटचा रकाना मुदतीचा. तिथे सगळे आडवे झाले. 'अ' म्हणतो टप्प्याटप्प्याने. 'ब' (शुक्रवारी मिळाला एकदाचा) युद्धपातळीवर. 'क' सत्तेवर येताच. ऑफिसात मालाच्या मुदतीपुढे कुणी "प्रयत्न करू" लिहिलं तर मी त्याचं टेंडर परत पाठवते. इथे परत पाठवून चालणार नाही, एक तर घ्यावंच लागणार.

दिलीपला सहज विचारलं, तू कुणाला देणार? "भाऊसाहेब सांगतात तिथेच, और कहां?" एवढं भरभर बोलून इन्व्हर्टर बघायला उठला. लाइट गेले नव्हते.

२८ जानेवारी

भाऊसाहेबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दिवाळीपासून पेपर मीच वाचून दाखवते, आता ठळक अक्षरंही दिसेनाशी झालीत. ऑपरेशनची तारीख नऊ मार्च.

"मतदानाच्या आधी करा." डॉक्टर म्हणाले, आधी जागा नाही. भाऊसाहेब म्हणाले, एकच डोळा करा! डॉक्टर हसले. हे हसले नाहीत. 

१ फेब्रुवारी

'ब'चा माणूस मतदारांच्या चिठ्ठ्या घेऊन आला. नाव रिंकू. चाळिशीचा, पोट सुटलेलं, गळ्यात साखळी — रिंकू! त्याच्याकडे एक वही होती, सोसायटीतलं प्रत्येक घर, त्याची जात-गाव आणि मत कुणाकडे. आमच्या ओळीत 'मराठी — ४ वोट' आणि पुढे प्रश्नचिन्ह.

"आप लोगों का पता ही नहीं चलता, मॅडम."

आतून भाऊसाहेब ओरडले, चारों के चारों हमारे! आणि 'क'चं नाव घेतलं. रिंकूने नम्रपणे पेन्सिलीने 'क' लिहिला. प्रश्नचिन्ह मात्र खोडलं नाही.

मी त्याला त्याच्याच जाहीरनाम्यातलं विजेचं कलम वाचून दाखवलं. अखंड वीज, प्रत्येक घरात. "लिखा है? हमारे में?" पुस्तिका घेऊन सोफ्यावरच बसला वाचत. तेवढ्यात लाइट गेले, तर टॉर्च काढून पुढे वाचू लागला. मुदत विचारली. बराच विचार करून चिठ्ठीच्या मागे लिहून दिलं — 'होली तक' — आणि खाली सही. फाइलला लावलं. विजेला दोन मार्क वाढवले आणि संध्याकाळी परत कापले. होळी महिन्यावर आलीय, ट्रान्सफॉर्मर काय पुरणपोळी आहे?

५ फेब्रुवारी

आज एक आगाऊपणा केला.

सकाळी पेपर वाचून झाल्यावर भाऊसाहेबांना म्हटलं, पाण्यावरची तीन कलमं वाचते, तीन पक्षांची, नावं सांगणार नाही, तुम्ही मार्क द्या. वाटलं होतं चिडतील. पण त्यांनी पाय वर घेतले, डोळे मिटले, म्हणाले, "वाच."

पहिल्याला दहापैकी सात, पैसा कुठून आणणार ते निदान लिहिलंय. दुसऱ्याला पाच, नुसती विशेषणं. तिसरं परत वाचायला लावलं. "तीन. मुदत कुठेय याची?"

तिसरं 'क'चं होतं.

 त्यांनी कुणाचं ते विचारलं नाही, मी सांगितलं नाही. कागद पटकन डाळीच्या डब्याखाली सरकवला. शेहेचाळीस वर्षांची माणसाची निष्ठा, ती पाण्याच्या कलमावरून मोडायची नाही.

पण मुदत विचारली! माझ्यासारखीच!

१० फेब्रुवारी

बेरीज झाली. अ चौसष्ट, ब पंचावन्न, क अडतीस. दोनदा तपासली. 'अ'ला मी जन्मात कधी बरं म्हटलेलं नाही. नाकं मुरडली तरी चौसष्ट ते चौसष्टच.

चेतनाला तक्ता सापडला. म्हणाली, "आई, ये तो बिल्कुल सही है, पण आजोबांना कोण सांगणार?" मग तक्ता परत देत, "आणि मी कुणाला देणार ते तुला नाही सांगणार हं." सांगू नकोस म्हटलं. बरं वाटलं, आणि थोडा हेवाही वाटला. एकोणीस वर्षांची आहे आणि हिला हे आपलं आपण सुचतं.

मला मात्र जमत नाहीये. चेतना झाली तेव्हा मी नोकरी सोडावी असं सगळ्यांचं मत, अगदी माझ्या आईचंसुद्धा. भाऊसाहेब नुकतेच रिटायर झालेले. म्हणाले, हिला जाऊ दे ऑफिसात, पोरीला मी बघतो. पुढे पहाडगंजच्या मराठी शाळेत रोज तिला बसने नेऊन सोडायचे, रोज आणायचे. उन्हाळ्यात डोक्यावर ओला पंचा. दहा वर्षं! आज माझी जी काही खुर्ची आहे ती त्या पंच्यावर उभी आहे. आणि या माणसाने माझ्याकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितली, अधूनमधून एक शिक्का.

तोही यंदा द्यायचा नाही?

१३ फेब्रुवारी

नाही द्यायचा. ठरलं.

१४ फेब्रुवारी

ठरलेलं मोडलं. आज त्यांनी गाजराचा हलवा केला, अंदाजाने. साखरेऐवजी मीठ पडलं. सगळ्यांनी खाल्ला.

१५ फेब्रुवारी, रविवार

घरात महाभारत. दिलीप नियम विचारून आला — ज्याला दिसत नाही त्याला मत द्यायला सोबत एक माणूस नेता येतो. मतदार सांगेल तिथे तो शिक्का मारतो. मत गुप्त ठेवीन अशी त्याने सही करायची.

भाऊसाहेब ताडकन म्हणाले, कुणी नको, मी एकटा जाणार. दिलीप म्हणाला, दिसणार कसं? "अंदाजाने मारीन." मग चेतनाने वहीच्या कागदावर खोटी मतपत्रिका केली आणि सरावाला बाटलीचं बूच दिलं. पहिला शिक्का दोन उमेदवारांच्या मधोमध. दुसरा टेबलक्लॉथवर. तिसरा 'ब'वर बसला तेव्हा आम्ही सगळे हसलो. भाऊसाहेबांनी बूच टाकून दिलं आणि खोलीत जाऊन दार लावलं. त्यांचे डोळे भरले होते, ते काही मोतीबिंदूने नव्हे. हसल्याची फार लाज वाटली.

दिलीप दारापाशी जाऊन समजावत राहिला. तुमचं मत कुणाला ते सगळ्या नोएडाला माहीत आहे, त्यात लपवायचं काय? 

जेवायला बाहेर आले ते म्हणाले, "कुमुद येईल माझ्याबरोबर."

दिलीपला लागलं. "मुलगा मी आहे."

"म्हणूनच." मग आमटी ओरपत, "तिने सुधन्वाला चाळीस पैसे सांगितले नव्हते."

म्हणजे तेव्हा रागावले नव्हते तर! वर्षभर मी उगाच त्यांच्यापुढे चोरासारखी वावरले.

१८ फेब्रुवारी

आता अवस्था अशी — रविवारी एका हाताने माझं मत 'अ'ला मारायचं आणि त्याच हाताने त्यांचं 'क'ला. दोघांचा हिशेब फिट्टंफाट, घरी बसलो असतो तरी चाललं असतं.

भात लावताना एक फार वाईट विचार आला. त्यांना दिसत नाही. त्यांचाही शिक्का चौसष्टवाल्यावर मारला तर कोणाला कळणार? शी! कुकरचं झाकण इतक्या जोरात लावलं की चेतना पळत आली. ऑफिसात माझ्या हाती टेंडरची बंद पाकिटं देतात ती का उगाच?

त्यांचं त्यांनी सांगितलं तिथेच. माझं माझ्या तक्त्याप्रमाणे. आणि त्यांनी विचारलं तर खरं सांगायचं. त्यांनी विचारू नये एवढीच इच्छा.

२२ फेब्रुवारी, रविवार

झालं. सगळं लिहून काढते, नाहीतर फुटेन.

सकाळी भाऊसाहेब दाढी करून, बंद गळ्याचा कोट घालून गॅलरीत. "चारही एका ठिकाणी!" दिलीप म्हणाला हो. चेतना म्हणाली हो आजोबा. मीही हो म्हटलं. इतकं बारीक की मलाच ऐकू आलं नाही.

मतदान सेक्टरच्या शाळेत. आधी मी माझं दिलं.   'अ'वर नीट मधोमध मारला, फुंकर घालून शाई वाळवली, घडी केली. बाहेर आले, सत्तेचाळिसाव्या वर्षी पहिलं स्वतःचं मत देऊन!

मग त्यांच्याबरोबर. कागदावर सही केली — मतदाराचं मत गुप्त ठेवीन. पुठ्ठ्याच्या आडोशामागे दोघं उभे राहिलो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कानाशी म्हणाले, "वरून वाच. हळू."

वाचत गेले. 'क'चं नाव वाचून थांबले, शिक्का उचलून तयार. त्यांचा हात हलला नाही.

"पुढे," ते म्हणाले.

वाटलं, ऐकू गेलं नसेल. परत वाचलं.

"ऐकलं गं. पुढे."

नंतर एका नावावर खांदा दाबला. तिथे मारला. कुणाचं ते लिहिणार नाही, सही केली आहे. 'क' नव्हतं एवढं लिहिते. एवढ्यानेही नियम मोडतो थोडा, पण वहीला तोंड नाही.

बाहेर कडुनिंबाखाली बाकावर बसलो. त्यांनी खिशातून भुईमुगाच्या शेंगा काढल्या. चार माझ्या हातावर ठेवल्या. आणि म्हणाले, "ते पाण्याचं तीन मार्कांचं आमचंच होतं ना?"

"तुम्ही ओळखलंत?"

"भाषा ओळखतो मी आमची."

मग थोडं थोडं करून सांगितलं. बावन्न सालापासून दर निवडणुकीला कागद-पेन्सिल घेऊन बसायचे, आधी ऑफिसात, दुपारच्या डब्यानंतर, रिटायर झाल्यावर खोलीत दार लावून. 'क'ला आजवर दोनदा दिलं, लायक होते तेव्हा. "दोन्ही वेळा पडले." डोळ्यांना दिसत होतं तोवर कुणाला कळायचं कारण नव्हतं. म्हणून तो मोतीबिंदूचा धसका.

मी म्हटलं, मग ते गॅलरीतलं? आणि पक्षाची वर्गणी?

"पक्ष माझा आहे. त्याच्यासाठी भांडेन, वर्गणी देईन, मेला तर खांदा देईन. घरचा म्हणून मार्क वाढवून द्यायचे का?"

"पण आम्हाला तर दर वेळी सांगायचात, सगळी मतं एका ठिकाणी —"

त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. खरंच नवल वाटलं त्यांना.

"मी सांगायचो. तुम्ही आत जाऊन काय केलंत ते कधी विचारलं? आत तो पुठ्ठा कशाला उभा करतात, कुमुद?"

मी टरफलं गोळा करून रुमालात बांधली.

येताना रिंकू भेटला. वही उघडून म्हणाला, "तो लिख दूं, मॅडम?" भाऊसाहेब माझ्या दंडाला धरून ताठ उभे राहिले. "लिखो! चारों के चारों!"

२३ फेब्रुवारी

आज चहा घेताना दिलीपला विचारलं, खरं सांग, आजवर कुणाला देत आलास? त्याने पेपर समोर धरला. मग कुजबुजत, "भाऊसाहेबांना सांगू नकोस. 'क'ला मी कधीच दिलं नाही."

म्हणजे एकवीस वर्षं या घरातून 'क'ला इमानाने पडत आलेलं एकच मत. माझं.